हवा न शिरणारं कपाट

आपलं काम तपासायची मिस्त्रींची एक रीत होती. दार बसवलं की ते फटीत वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघायचे. कागद आत गेला की दार पुन्हा खाली. गिऱ्हाईक हात जोडायचं, अहो पुरे आता म्हणायचं. पण मिस्त्री कसले ऐकतात. उभा जन्म त्यांनी असा काढला. हात थरथरायला लागले तेव्हा काम सोडलं खरं, पण लेकीसाठी शेवटचं एक कपाट करायचं मनात होतं.

लेक घरूनच छपाईसाठी पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची. तिचा कॉम्प्युटर जमिनीवर धूळ खात पडलेला बघून मिस्त्रींचा जीव तुटायचा. मग एकदा वीज गेली ती लवकर आलीच नाही. मिस्त्रींनी संधी साधली. तयार होत आलेलं कपाट टेबलाखाली बसवलं, कॉम्प्युटर आत ठेवला, वायरीपुरतं भोक ठेवलं, दार लावलं आणि कागद सरकवून बघितला. गेला नाही.

“हवासुद्धा शिरायची नाही,” ते बायकोला म्हणाले.

वीज आली. लेक कामाला बसली, तर आतला पंखा घोंघावायला लागला आणि थोड्या वेळात मशीन आपोआप बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. पुस्तक संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचवायचं होतं, आणि तिने स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं ते पहिलंच काम होतं. चुकलं असतं तर दुसरं मिळणं अवघड. वीज येताना झटका बसला असणार, असं बायकोचं मत पडलं. मिस्त्रींनीही वीजवाल्यांचा मनसोक्त उद्धार केला.

लेक मात्र गांगरली नाही. तिने मशीन बाहेर काढून उघडलं, पंखा बोटाने फिरवून बघितला, धूळ ब्रशने झाडली. जमिनीवर ठेवून चालू केलं तर झकास चाललं. परत कपाटात ठेवून दार लावलं, आणि बंद पडलं. तिने दाराकडे बघितलं, मग बापाकडे.

“बाबा, मी हे खालीच ठेवते. वायर पुरत नाहीये.”

वायर चांगली हातभर लोंबत होती. हवा कोंडून मशीन तापतंय, हे मिस्त्रींच्या लख्ख ध्यानात आलं. लेक आपल्याला सांभाळून घेतेय, हे त्यांना कपाटापेक्षा जास्त लागलं. ते गिरमिट आणि करवत घेऊन आले.

“राहू द्या ना बाबा. इतकं सुबक झालंय.”

“खोटं बोलायला कधी शिकलीस? कुठे कापायचं ते दाखव.”

तिने पेन्सिलीने खुणा केल्या. गार हवा आत यायला दाराच्या तळाशी, गरम हवा बाहेर जायला मागच्या फळीवर वरच्या बाजूला. लेकीने फळी धरली, मिस्त्रींनी कापली. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही आणि पुस्तक वेळेत गेलं.

शेजारी कपाट बघायला आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना ना सांधे दाखवले ना पॉलिश. टेबल भिंतीपासून ओढलं आणि मागच्या फळीत कापलेल्या भोकासमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद फडफडला.

“घरात सगळे विजेला नावं ठेवत होते. बिघाड हिने शोधला,” ते म्हणाले, “आणि तोही माझ्या कामातला.”

मग सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी कागद पुन्हा धरला.