रुखवतातली सोनेरी चौकट

शुक्रवार, १८ एप्रिल २०२५. गुड फ्रायडे. पुष्करला सुट्टी. क्लेचे पाकीट कुरिअरवाल्याने बाराला खाली गेटपाशी ठेवले, कळवले नाही. तीनपर्यंत उन्हात होते. दोन वड्या आतून कडक झाल्या, टाकून दिल्या. पाचला जयवंतावन्सं आल्या. चौकटीवरून बोलल्या. ऐकून घेतले. मानले नाही. रात्री मुगाची खिचडी.

‘मानले नाही’ या दोन शब्दांखाली चारुशीलाबाईंनी पट्टीने रेघ मारली. हाताने रेघ मारायची नाही, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी त्यांच्या अंगात असं भिनवलं होतं की शहात्तराव्या वर्षीही पट्टी डायरीतच असायची. तेराव्या वर्षापासून एकही दिवस कोरा गेला नव्हता. यजमान दत्तोपंत गेले त्या दिवशीही त्यांनी वेळ, डॉक्टरांचं नाव आणि घरी कोण कोण आलं ते लिहिलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्या अकरा वर्षांत काय काय बंद झालं तेही डायरीत होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, तो दिवस. पुतण्याच्या लग्नात हळद लावायला पुढे झाल्या तेव्हा कोणीतरी हलकेच कोपर धरून मागे घेतलं, तो दिवस. त्या दिवशीची नोंद एवढीच होती : ‘मागच्या रांगेत बसले. तिथे पंखा नव्हता.’ तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. त्याचाच त्यांना आता राग येई, आणि तो राग दुसऱ्या कोणावर नव्हता.

फोटोच्या चौकटींचा नाद नात अबोलीने लावला. टाळेबंदीत तिने पॉलिमर क्लेच्या चार वड्या मागवल्या, दोन दिवस खेळली आणि सोडून दिल्या. चारुशीलाबाईंनी त्या उचलल्या. कणकेसारखं मळायचं, वेगळ्या लाटण्याने लाटायचं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. लाटलेल्या पट्टीवर वर्ख पसरायचा, मिठाईवरचा नाही, कारागिरीचा, सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाचा, आणि परत एकदा लाटणं फिरवायचं. क्ले पसरते, वर्ख पसरत नाही. तो तडकतो आणि त्या बारीक भेगांतून खालचा रंग डोकावतो. मग ती पट्टी लाकडी चौकटीवर बसवून नानकटाईच्या ओव्हनमध्ये एकशेतीस डिग्रीवर अर्धा तास भाजायची. पाच वर्षांत मनीषनगरच्या त्यांच्या इमारतीत असं एक घर उरलं नव्हतं, जिथे त्यांची चौकट नाही.

अबोलीचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरलं. मुलगा काटोलचा, पियूष, घरचा संत्र्यांचा व्यापार. नवरीकडचं रुखवत मांडायचं म्हणून घरात सुपारीचे नवरानवरी आणि रुमालांचे हंस तयार होऊ लागले. अबोली म्हणाली, आमच्या फोटोला आजीची चौकट हवी. आजीने निळ्या क्लेवर सोनेरी वर्खाची चौकट करायला घेतली. त्यावरूनच धाकट्या नणंदबाई, जयवंतावन्सं, महाल भागातून रिक्षा करून आल्या होत्या.

“वहिनी, हौस म्हणून तुम्ही करून राहिल्या ते ठीक आहे. शेजारणींना द्या. पण रुखवतात?”

“रुखवतात काय झालं?”

“नवरानवरीच्या फोटोची चौकट आहे ती. सवाष्णीच्या हातची हवी. मला बोलायला वाईट वाटतं.”

“वाईट वाटतं तर बोलू नका.”

“काटोलचे लोक जुन्या वळणाचे. त्यांनी विचारलं तर काय सांगाल?”

“विचारलं ते सांगीन.”

सून सोनिका चहा घेऊन आली ती मधला मार्गही घेऊन आली. “आई, चौकट तुमचीच ठेवू. फक्त चिठ्ठीवर माझं नाव टाकते. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल. तुझ्या ऑफिसातल्या कामावर तू माझं नाव घालतेस का?”

“आजी करेक्ट बोलून राहिली,” अबोली आतून ओरडली.

“तू गप गं,” जयवंतावन्सं म्हणाल्या. “तुझ्यासाठीच चाललंय सगळं.”

विषय तिथे थांबला, पण संपला नाही. सत्तावीस तारखेला, रविवारी, घरी केळवण होतं. चौकट भाजून झाली होती, वरून पारदर्शक लॅकर द्यायचं तेवढं बाकी होतं. मागच्या खोलीत टेबलावर ती ठेवून चारुशीलाबाई पानं वाढायला गेल्या. परत आल्या तेव्हा जयवंतावन्सं टेबलापाशी उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर ओल्या बोटाने कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं.

“झालं बाई,” त्या अगदी मोकळ्या मनाने म्हणाल्या. “सवाष्णीचा हात लागला. आता माझी काही हरकत नाही.”

त्यांच्या मनात खोट नव्हती. एवढी साधी वाट आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच त्यांना हसू येत होतं. पण वर्खावर लॅकर नव्हतं. ओलं कुंकू भेगांतून खाली उतरलं होतं. चारुशीलाबाईंनी कापसाने टिपलं तर कापसाबरोबर वर्खही आला आणि निळ्या क्लेवर मातकट लाल डाग राहिला.

“राहू द्या की. शुभच आहे.”

“वन्सं, जेवायला चला. पानं वाढलीत.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंदी होती, म्हणून दुपारी दोनलाच त्या बसल्या. पात्याने कोपरा तासून काढला. नवी क्ले मळली. ती उन्हाळ्याने लोण्यासारखी मऊ होत होती, म्हणून स्टीलची थाळी फ्रिजमध्ये गार करून तिच्यावर लाटली. मग उठून कूलर बंद केला, पंखाही बंद केला. वर्खाच्या पानाला नुसता श्वास लागला तरी ते उडतं. कपाळावरचा घाम त्यावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधला.

पाच मिनिटांत मुलगा पुष्कर दारात. बनियन पाठीला चिकटलेलं. “आई, कूलर काहून बंद केला? घरभर पाहुणे शिजून राहिले!”

“वर्ख उडतो. अर्धा तास शिजा.”

“बाहेर चव्वेचाळीस आहे!”

“आणि ओव्हनमध्ये एकशेतीस. दार लाव, झुळूक येते.”

नवा तुकडा बसला, दुसऱ्यांदा भाजला गेला, टिकला. पण ती वडी वेगळ्या पाकिटातली होती, निळा रंग किंचित गडद आला. जोड दिसत होता. वर फूल चिकटवून तो झाकता आला असता. चारुशीलाबाईंनी वर फक्त लॅकर लावलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला त्या हॉलवर पोचल्या. रुखवताचं टेबल सजलं होतं. प्रत्येक वस्तूपुढे सोनिकाने छापून आणलेली चिठ्ठी. चौकट शोधावी लागली. ती मागे होती, साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, आणि पुढे चिठ्ठी : ‘सौ. सोनिका’.

त्यांनी पर्समधून पेन काढलं. चिठ्ठी उलटी केली आणि कॉन्व्हेंटच्या गोलाकार अक्षरात लिहिलं : ‘श्रीमती चारुशीला. नवरीची आजी.’ नुसतं ‘आजी’ लिहूनही भागलं असतं. त्यांना ‘श्रीमती’ लिहायचंच होतं. वृंदावन मागे सरकवून चौकट पुढे आणली, शेजारी खुर्ची ओढली आणि बसल्या.

जयवंतावन्सं शालू सावरत आल्या. “वहिनी, हे काय? उठा. लोक बघून राहिले.”

“बघायलाच मांडलंय.”

“दादा असता तर त्याला आवडलं असतं का हे?”

“ते असते तर तुम्ही ही चौकट पहिली मांडली असती.”

जयवंतावन्सं पुढे काही बोलणार तोच वरपक्षाच्या बायका टेबलाशी आल्या. पुढे पियूषची आजी रंभाबाई, काठी टेकत. त्यांनी हंस पाहिले, सुपाऱ्या पाहिल्या आणि चौकट सरळ हातात उचलली.

“हे कोनं बनवलं वं?”

“सुनेनं, सुनेनं,” जयवंतावन्सं घाईने म्हणाल्या.

“नाही. मी केली,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मी अबोलीची आजी. माझे यजमान अकरा वर्षांपूर्वी वारले.”

रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौकट उजेडात तिरपी धरली. अंगठा कोपऱ्यावर फिरवला. “हा जोड काहून दिसून राहिला?”

“तिथे कुंकू सांडलं होतं. तासून काढलं.”

रंभाबाईंनी चौकट डोळ्यांजवळ नेली.

“कुंकू तासलं?”

“डाग तासला. कुंकवाचा असला तरी डाग डागच. माझ्या नातीला मी डागाळलेली वस्तू देणार नाही.”

“जबान तेज आहे बाईची,” रंभाबाई आपल्या सुनेला म्हणाल्या. त्यात कौतुक होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चौकट जिथून उचलली होती तिथेच ठेवली आणि पुढे गेल्या.

मंगलाष्टकं संपेपर्यंत चारुशीलाबाई तिथून हलल्या नाहीत. अक्षता त्यांनी बसल्या जागेवरूनच टाकल्या. जयवंतावन्सं त्यांच्या पंगतीला बसल्या नाहीत आणि निघताना भेटल्याही नाहीत.

चारला रुखवताची बांधाबांध झाली. काटोलच्या गाडीत खोकी चढत होती. सोनिकाने चौकट सर्वांत खालच्या खोक्यात ठेवली. कदाचित सहजच ठेवली असेल. चारुशीलाबाई पुढे झाल्या, पण त्यांच्या आधी गाडीच्या खिडकीतून काठी बाहेर आली आणि खोक्यावर टेकली.

“ते वर घेजा गा!” रंभाबाई हमालावर ओरडल्या. “खाली दबन. आन माह्यापाशी.”

चौकट खिडकीतून आत गेली. चारुशीलाबाईंनी हात जोडले. रंभाबाईंनीही जोडले, आणि लगेच ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितलं. गाडी निघेपर्यंत अबोली मागच्या सीटवरून आजीला हात हलवत होती.

घरी येऊन त्यांनी अंघोळ केली, पातळ बदललं आणि डायरी उघडली. मुहूर्ताची वेळ लिहिली, पंगती किती उठल्या ते लिहिलं, चौकट काटोलला गेली असं लिहिलं. शेवटची ओळ होती : ‘सायंकाळी साडेसातला गॅसचा सिलिंडर संपला. दुसरा लावला.’