बंद दाराच्या आतलं

पहिल्या दिवशी निर्मलाकाकू आमच्याकडे आल्या आणि खुर्ची सोडून आजोबांच्या पलंगाशेजारी फरशीवर बसल्या. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत त्या नुकत्याच वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, हौशी नाटकांत कामं केलेल्या. आजोबांनी त्यांना कोण, कुठल्या न विचारताच सांगितलं, मेंढरं सुटलीत. अशा वेळी आम्ही समजावत बसायचो की मेंढरं कधीच विकली, आपण आता गावाकडं, देवगाव रंगारीत राहत नाही. काकूंनी विचारलं, "कोणत्या अंगाला गेलीत?" आजोबा तासभर त्यांना वाट सांगत होते.

मग त्या रोज दुपारी येऊ लागल्या. आई गेल्यापासून दिवसभर घरात आजोबा आणि मी, दोघंच. बाबा कामावर. मी चहा करायला उठले की काकू म्हणायच्या, "मला पाहुणीगत बसवू नको, कांदे दे चिरायला." आजोबांची चूक कुणी सुधारली की काकूंना खपायचं नाही. "शाळा हाय का ही?" म्हणायच्या. मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी बोलताना अडते, आणि अडले की गप्प होते. काकू घाई करायच्या नाहीत. "सापडंल शब्द. पळून कुठं जातोय?" म्हणत कांदा चिरत राहायच्या. माझ्या बोलण्याची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती.

म्हणूनच जे बाबांनाही माहीत नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. एकदा माझी ऑनलाइन मुलाखत होती. आजोबा सारखे बाहेर निघत होते, म्हणून मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि कानांवर हेडफोन चढवले. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा ते पलंगावर शांत बसलेले होते. नोकरी मिळालीच नाही. हे सांगताना मला रडू आलं. काकूंनी डोक्यावर हात ठेवला. "त्यांच्या ध्यानात बी नसंल. तू बी सोड."

मी सोडलं.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या काही मुलांनी लघुपट केला. हळूहळू सगळं विसरत चाललेल्या बाईची गोष्ट. ती बाई काकूंनी केली होती. पहिल्या खेळाला त्यांनी बाबांना आणि मला आग्रहानं नेलं.

पडद्यावर नात दाराला कडी लावते. आत काकू दार ओढून पाहतात. दाराला कान लावतात. ओरडत नाहीत. पायाशी लघवीचं थारोळं साचतं. त्या उशीची खोळ काढतात, गुडघ्यांवर बसून फरशी पुसतात, खोळ पलंगाखाली सारतात आणि शांत बसून राहतात.

मुलाखतीच्या दिवशी आजोबांच्या पलंगाखाली मला ओली खोळ सापडली होती. पाणी सांडलं असेल म्हणून धुवायला टाकली. हे मी काकूंना सांगितलंच नव्हतं.

आसपास लोक डोळे पुसत होते. शेजारी बाबा पुटपुटले, "कसली पोरगी म्हणायची ही."

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकूंना गाठलं आणि खोळीचं कसं कळलं ते विचारलं.  त्या म्हणाल्या, "तू सांगायच्या आधीच आजोबांनी सांगितलं होतं. दोन-तीनदा."

मग त्यांच्या ध्यानात नसंल असं खोटं का बोललात, मी विचारलं. मला बरं वाटावं म्हणून, असं त्या म्हणाल्या. सिनेमाचं मी विचारणारच होते, तोवर त्याच आपणहून बोलल्या, "इतकं खरं मला दुसरीकडं कुठं मिळालं असतं गं?"

आता त्या येत नाहीत. मीच येऊ नका म्हणाले. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

आजोबांना माझं नाव बरेचदा आठवत नाही. दुपार झाली की मात्र विचारतात, "ती बाई आली नाय का?" मी सांगते, गावाला गेली. ते माझ्याकडे थोडा वेळ बघतात आणि म्हणतात, "व्हय, व्हय." माझी समजूत काढल्यासारखं.