माझ्याकडं समदं हाय

"बाळ्या, बोट आलीया. शीपीयू घिऊ का ठिवू? आरं बोल की लवकर, बोटवाला शिट्ट्या मारायलाय."

दादा फोनवर ओरडत होता. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. एरवीही तो ओरडूनच बोलतो. सगळी नोकरी दूध संघात, थंड करायच्या यंत्रांच्या घरघराटात गेली, आणि रिटायर होताना घड्याळ मिळालं नि कान गेले. पण त्या दिवशीचं ओरडणं वेगळं होतं. पंचगंगेचं पाणी जिना चढून वरच्या मजल्याला लागलं होतं. तो खिडकीत, खाली बोट, बोटीत आधीच बसलेल्या वहिनी. माणसामागं एकच नग, असा बोटवाल्याचा हुकूम. आणि मी? मी राजारामपुरीत, कोरड्या घरात, चहाचा कप हातात धरून.

पुराच्या गोष्टी मी लई सांगितल्यात. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, मयतीवरनं परत येताना सुद्धा. गच्चीवर चाळीस म्हशी पोहत होत्या, मगर किराणा दुकानात शिरून गुळाच्या ढेपेवर बसली होती — लोक हसतात, मी अजून दोन मगरी सोडतो. खरं म्हणजे म्हैस एकच होती आणि ती नुसती उभी होती. मगर मी बघितलेली नाही. पण त्या फोनवर मी दादाला काय उत्तर दिलं, ते मात्र आजवर कुठल्याच पंगतीत सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का — ते मला विचारू नका.

आधी हेळव्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं, कर्नाटकाच्या अंगाला, हेळवी येतात — निदान यायचे. सुगी झाली की बैलावर बसून दारात हजर. कुणाचं घराणं कुठनं आलं, कुणाची लेक कुठल्या गावची, कुणाच्या घरात दिली, हे सगळं चालीवर म्हणायचे, निम्मं मराठी, निम्मं कानडी. म्हणून झालं की सुपातले जोंधळे झोळीत, आणि बैल पुढच्या दारात.

दादानं रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि त्यात "घराणं" नावाचं फोल्डर केलं. पिवळे पडलेले फोटो, सातबारे, देवळाच्या पायरीवर कोरलेली नावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज. आणि ह्या सगळ्यात मोठं म्हणजे, गावाकडच्या अंगणात बसून हेळव्यानं म्हटलेलं आमचं अख्खं घराणं, दुपारभर. दादानं ते भरून घेतलं, पण त्याला स्वतःला धड ऐकू येत नव्हतं. "बाळ्या, तू ऐक नि मला सांग, मी टाइप करतो," म्हणायचा. मी म्हणायचो, बसू एकदा निवांत. बसलो कधी? कधीच नाही.

त्या रेकॉर्डिंगवर एका माणसाचा जीव टांगलेला होता. आमची आत्ती. नेसरीला दिलेली, ऐंशीच्या पुढची. आमच्या आजोबांच्या पहिल्या बायकोची ही एकुलती लेक. तिला जन्म देऊन ती बाई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, ती आमची आजी. आजीच्या राज्यात पहिलीचं नाव घ्यायची सोय नव्हती. घेतलंच तर "थोरली" म्हणायचं. होता होता नावही गेलं, गावही गेलं. आत्तीला आपल्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. ऐंशी वर्षं! दुसरं तिला काही नको होतं. आईच्या गावात जाऊन तिथल्या देवीची ओटी भरायची, एवढंच.

आणि हेळवी उठताना दादाच्या कानाशी येऊन, मोठ्यांदा, म्हणाला होता, "थोरलीचं बी म्हटलंय मी ह्यात. नाव हाय, गाव हाय." दादानं त्याच दिवशी नेसरीला फोन केला. आत्ती फोनवर म्हणाली, "दमानं काढा, आता पळून जात न्हाई."

आता माझं सांगतो. घरात कॉम्प्युटर कळणारा मी, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून बॅकअपचं काम माझ्याकडं. दादानं त्याला दिवसही ठरवून दिला — अमावस्या. आमच्यात अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात, यंत्राला नारळ फोडतात. दादानं त्यात कॉम्प्युटर धरला. दर अवसेला मी हार्डडिस्क घेऊन जायचो. वहिनी मॉनिटरला हळद-कुंकू लावायच्या, मी "घराणं" हार्डडिस्कवर टाकायचो, दादा नारळ फोडायचा. नारळाची शेंडी काढून व्हायच्या आत कॉपी पूर्ण. दादा म्हणायचा, एवढ्यात झालं? मी म्हणायचो, "दादा, ही साधी डिस्क न्हवं. परदेशातनं मागवलीया. ह्यात अख्खं कोल्हापूर मावंल, शाहूवाडी-चंदगडासकट."

गावच्या यात्रेच्या जेवणात दादानं सगळ्या भावकीसमोर मला फेटा बांधला. "ह्यो हाय म्हणून आपलं घराणं टिकलंय," असं म्हणाला. मी त्या फेट्यात दिवसभर फिरलो. जेवलो त्यात, झोपलोही त्यात.

नंतर कधीतरी माझ्या लेकीला हेळव्याचा आवाज ऐकवावा म्हणून घरी ती डिस्क लावली. "घराणं"वर क्लिक केलं. उघडेना. पुन्हा केलं. वस्तू सापडत नाही, असं लिहून आलं. लेकीनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे फोल्डर नाही, शॉर्टकट आहे."

कळलं ना? कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र दिसतं, ते नुसती पाटी असते — खरा माल आत दुसरीकडं असतो. मी इतके दिवस अख्खं गाव उचलून आणलं म्हणून मिरवत होतो, आणि आणली होती वेशीवरची पाटी. एकच पाटी, दर अवसेला, नारळ फोडून.

लेकीला म्हटलं, कुणाला बोलू नको, मी बघतो. सोपं होतं हो. पुढच्या अवसेला जाऊन खरं फोल्डर घ्यायचं, झालं. पण खऱ्या फोल्डरला तास-दीड तास लागला असता. आणि दादा शेजारी बसतो. तो विचारणार, आज एवढा वेळ का? मग मागच्या सगळ्या अवसा उघड्या पडणार. फेटा उघडा पडणार. म्हणून पुढच्या अवसेला मी गेलो आणि पुन्हा पाटीच कॉपी केली. समजून उमजून. त्याच्या पुढच्या अवसेलाही. वहिनींनी कुंकू लावलं, दादानं नारळ फोडला, आणि मी खोबरं खाल्लं.

मग पूर आला.

तर फोनवर दादा ओरडतोय, शीपीयू — म्हणजे कॉम्प्युटरचा तो डबा, ज्यात सगळा माल असतो — घिऊ का ठिवू. मला किती वेळ होता? एक श्वास. एवढ्या वेळात मी चाळीस म्हशी पोहायला लावतो. "घे दादा" — दोनच शब्द होते. कारण सांगायची सुद्धा गरज नव्हती. कपड्यांची पिशवी ठेवून त्यानं डबा उचलला असता, मांडीवर घेऊन बसला असता, आणि पुढं कुणाला काही कळलंही नसतं. पण त्यानंच पुढं विचारलं, "तुझ्याकडं हाय न्हवं समदं?" आणि हा सवाल फेट्याला होता.

मी ओरडून म्हणालो, "ऱ्हाऊ दे दादा. माझ्याकडं समदं हाय."

दादानं डबा तिथंच ठेवला. बोटीत उतरल्यावर त्यानं शेजारच्या म्हातारीची शिलाई मशीन मांडीवर घेतली, म्हणे. हात मोकळे होते त्याचे.

पाणी उतरल्यावर मी पहिल्यांदा तिथं गेलो. मदतीला नाही, डबा वाचलाय का बघायला. उघडला तर आतनं गाळ आला. कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडं नेला, त्यानं हात जोडले. हेळव्याला शोधलं, तो वारला होता, आणि पोरं बैल विकून कामधंद्याला कुठंतरी हुबळीकडं लागली होती.

इथं थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी थांबणारा माणूस आहे का?

दादानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला बोलावलं. ऐकायला आत्तीही आली होती. मी सांगितलं, डिस्क हातातनं पडली, गेली. दादा भिंतीवरच्या पुराच्या रेघेकडं बघत बसला. मला ते बघवेना. म्हणून म्हणालो, "पर त्याच्या आधी मी समदं ऐकलं हुतं. ध्यानात हाय माझ्या."

"मग थोरलीचं गाव?" दादानं विचारलं. आत्तीनं मान वर केली.

समोर एका यात्रा कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. काशीचं. मी म्हणालो, नाव काशी. आणि गाव? चंदगडाकडं एकदा आमची एसटी बंद पडली होती, तिथं एका घरानं फणस खायला दिला होता. ते गाव सांगितलं. देऊळ कुठल्या अंगाला, पाणवठा कुठं, सगळं सांगितलं, अगदी हेळव्याच्या चालीवर. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, त्याचा काय दोष. आत्तीनं "काशी, काशी" असं दोनदा पुटपुटलं आणि पदर तोंडाला लावला. दादानं ते टाइप केलं.

आता दरवर्षी म्हाळाला आमच्याकडं काशीच्या नावानं पान वाढतात. मीही जेवायला असतो. खरी जी होती, तिला पान नाही. ती कोण होती ते आता कुणालाच कळायचं नाही. दादाला अजून काही ठाऊक नाही; आता तो बॅकअप स्वतः घेतो, त्याच्यात काशी आहे. आत्ती पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत वारली.

जायच्या आधी ती त्या गावाला जाऊन आली होती. मला म्हणत होती, चल बाळू, तूच सांगितलंस, तूच दाव. मी गुडघेदुखी पुढं केली. मग सुनेला घेऊन एसटीनं गेली — खण, नारळ, हिरव्या बांगड्या.

चार-आठ दिवसांनी मी नेसरीला गेलो. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "गेलतीस न्हवं आत्ती? घावलं का म्हायेर?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"गेलतो की. काशीचं म्हणून कुणी वळखंना. एका घरानं पाणी दिलं."