कोंडाबाईंची शेळी आणि मोठी लाइन

हिंगोलीकडची छोटी गाडी बंद होऊन मोठी लाइन पडली, त्या वर्षी मी पूर्णेहून जीपने निघाले. सोबत माझे साहेब. अपघात व्हायच्या आधीच तो कसा होऊ शकेल हे शोधायचं, ही माझी रेल्वेतली नोकरी. घरचे म्हणतात, काळजी करायची तुला हौसच होती.

वसमतच्या अलीकडे, फाटक नसलेल्या एका वाटेवर कोंडाबाईंची मेंढरं रूळ ओलांडत होती. पलीकडे सिद्धेश्वरचा कालवा. कळपाचं पाणी तिथलंच. कोंडाबाईंनी आम्हाला भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागितली.

गाडी दिसल्यावर काय करता, असं मी विचारलं.

"काई न्हाई. ही शेळी म्होरं गेली की मेंढरं तिच्या मागं. मंग कोनी आडवं आलं तरी थांबत न्हाईत," त्या कौतुकाने म्हणाल्या.

मला धास्ती वाटली. ही सवय हळूहळू, दमत येणाऱ्या छोट्या गाडीच्या काळातली होती. नवी गाडी दिसते न दिसते तोच अंगावर येणार, आणि मेंढरं वळवायला कोंडाबाई रुळांवर धावणार.

वाट बंद करून कुंपण घालावं, असं साहेबांचं मत पडलं.

"मंग पाणी कुठं पाजू? तार वाकवून जाईन की," कोंडाबाई शांतपणे म्हणाल्या. खरं बोलल्या, म्हणून मला त्या फार आवडल्या. कुंपणाने धोका हटणार नाही, फक्त आपल्याला दिसेनासा होईल, असं मी साहेबांना जरा चढ्या आवाजातच सुनावलं. नव्या लाइनवरच्या पहिल्या गाडीपर्यंत दुसरी वाट काढा, एवढी मुदत त्यांनी दिली.

जवळच मोरी (रुळांखालून पाणी जायची वाट) होती, चांगली उंच. पण शेळी अंधाराला आणि चिखलाला बुजायची. आम्ही तळाला मुरूम टाकला, आतून चुना मारला. कोंडाबाई रोज पलीकडे शेळीला चाटायला मिठाचा खडा घेऊन बसायच्या. शेळी अर्ध्यात येऊन माघारी पळायची. मी अगदी रडकुंडीला आले होते.

पहिल्या गाडीची शिट्टी ऐकू आली, तेव्हाही शेळी मोरीच्या तोंडाशी अडूनच होती. आमची माणसं रुळांकडची बाजू अडवून उभी. साहेब शिट्टीच्या दिशेने बघत होते. पलीकडून कोंडाबाईंनी हाक घातली, "ये गं बाई, ये."

शेळी आत शिरली. मागोमाग मेंढरं. वरून गाडी धडधडत गेली, खिडक्यांतून माणसं हात हलवत होती, आणि खाली कळप चालतच राहिला. ज्या सवयीची मला धास्ती होती, तिनेच सगळा कळप पार नेला. मी चक्क टाळ्या वाजवल्या, साहेबांनीही.

"एक बी थांबलं न्हाई, बाई," कोंडाबाई म्हणाल्या आणि मिठाचा उरलेला खडा माझ्या हातावर ठेवला.

घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, तिकडे काय झालं?

"काहीच झालं नाही," मी म्हणाले. एवढ्या अभिमानाने हे मी कधीच म्हटलं नव्हतं.