दारं बसवणारा

आमच्या कर्जत रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरणारा एक माणूस आहे. त्याची मिशी इतकी दांडगी, की समोरून येणारा ट्रकवाला भरदिवसा डिपर देतो. पूर्वी तो मोटारींच्या एका कारखान्यात गाड्यांना दारं बसवायचा. तो कारखाना बंद पडला. अजूनही तिथली जुनी गाडी पंपावर आली, की हा हवा नंतर भरतो. आधी तिचं दार उघडून लावतो आणि मान वाकडी करून आवाज ऐकतो.

मी नवी गाडी घेऊन गेलो तेव्हा फुशारकी मारली, "परदेशात बनलीय! मी अजून बोट पाहिली नाही, पण माझी गाडी अख्खा समुद्र बघून आली!"

तो हसला नाही. "इथली का न्हाई घेतली, सायेब?"

"लोक म्हणतात, इथली टिकत नाही."

"माझा जावईबी हेच म्हनला. आमच्याच कारखान्यात कामाला हुता. लग्नात म्हनला, मामा, आपली नको, बाहेरची द्या. दिली. समद्या कामगारांनी आसंच केलं. मग कारखाना बंद पडला, आमी दोघंबी घरी." त्यानं हवेची नळी ओढली. "गाडी मातर लई टिकाऊ निघाली. तवापास्नं दारात उभी हाय. डिझेल कोन भरनार?"

हवा भरून झाल्यावर त्यानं माझ्या गाडीचं दार उघडून लावलं, मान वाकडी केली.

"चांगलं बसवलंय," तो म्हणाला. "तिकडचा कारखाना चालू हाय ना अजून?"