नालियाका मशीनवरून उठली नाही

माझी थोरली मुलगी नालियाका इथे केनियात, काकामेगा शहराच्या बाजारात भाड्याच्या मशीनवर गणवेश शिवते. तरुणांच्या उद्योगासाठी असलेल्या सरकारी निधीतून तिच्या गटाला चार शिलाई मशिनी मिळाल्या, तेव्हा गावाने कोंबडी शिजवली. कोंबडी खाऊ घातल्याशिवाय आम्ही पाहुण्याला सोडत नाही. मशिनी वाटायला आलेले साहेब आत जेवत होते, आम्ही बायका वाढत होतो आणि बाहेर ड्रायव्हरने फोटो काढून झालेल्या मशिनी पुन्हा गाडीत चढवल्या.

पुढच्या आठवड्यात त्याच मशिनी शेजारच्या गावात वाटणार असं कळलं. नालियाका तिकडे निघाली, मी घाबरून मागोमाग गेले. तिथेही साहेब जेवायला बसले. ही सरळ एका मशीनवर बसून फाटका पडदा शिवू लागली.

"ए पोरी, ऊठ. गाडी भरायचीय," ड्रायव्हर म्हणाला.

"मशीन दिलीय ना? मग शिवते. साहेबांना जेवू दे निवांत."

"आई, सांगा हो हिला!" तो माझ्याकडे वळून म्हणाला.

मी दटावणारच होते. तेवढ्यात त्या गावच्या मुली उरलेल्या मशिनींवर जाऊन बसल्या. एकजण हसून म्हणाली, "ड्रायव्हरदादा, शर्ट काढा, बटणं लावून देते!"

मशिनी त्या गावातच राहिल्या. आम्हाला काही मिळालं नाही. उद्या साहेबांनी नालियाकाला कचेरीत बोलावलंय, मीही सोबत जाणार आहे. तिचा मला अभिमान वाटतो. तरी मनात येतं, हे दुसऱ्या कुणाच्या मुलीने केलं असतं तर बरं झालं असतं.