गाडीत जागा नाही

शेजारच्या घरातून दशम्यांचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. धारासूरचं कोरीव देऊळ बघायचं आणि खाली गोदावरीत पाय सोडून जेवायचं, असं आम्ही दोघी जावांनी कधीपासून ठरवलं होतं. त्या दिवशी पहाटेच उठून दुधात पीठ मळून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. नव्या साड्या नेसून दारात आलो, तर जीपमध्ये दिरांचे मित्र बसलेले. "गाडीत जागा न्हाई, तुमी पुढच्या खेपेला जा," दीर म्हणाले, आणि डबा तेवढा हातातून घेतला. माझा नवरा पुढच्या सीटवर बसून आरशात केस नीट करत होता. संध्याकाळी रिकामा डबा माझ्यापुढं ठेवून म्हणतो, "दशम्या लय मऊ झाल्त्या." ती पुढची खेप अजून आलेली नाही. नवरा अधूनमधून दशमी मागतो. मी सांगते, "गाडीत जागा न्हाई."